पत्र्याची मोड आणि ज्वारीचे मोड

कृषी खात्यातल्या माणसाने बियाणे, खत, कीड आणि पाणी यांवर लिहावे अशी आपली अपेक्षा असते, आणि ती रास्तच आहे. मीही आजवर तेच बोलत आणि लिहीत आलो. आज मात्र पत्र्यावर लिहायला बसलो आहे. पत्रा कसा वाकवावा आणि तो वाकवायला कोणते अवजार निवडावे, हा लोहार-मिस्त्र्यांचा विषय. त्यात कृषी अधिकाऱ्याचे काय काम, असे कुणी म्हणेल. मीही एके काळी तसेच म्हणालो होतो. त्याची किंमत मी नाही, एका घराने मोजली. म्हणून हा लेख.

गोष्ट २००७ सालची. मंगळवेढ्याच्या बाजूला माझ्याकडे काही गावे होती. तो मुलूख आपल्याला ठाऊक आहे. काळीभोर जमीन, पाऊस बेताचा, आणि रब्बीला मालदांडी ज्वारी. माघ-फाल्गुनात खळी उरकली की घरात येते ती वर्षाची भाकरी. ती पुढच्या सुगीपर्यंत पुरवायची, म्हणजे अख्खा पावसाळा सांभाळायची. कणगीतली ज्वारी उंदीर आणि सोंडे किती खातात, हे मी सभांतून सांगत असे. उपायही सांगत असे : धान्य कडक उन्हात वाळवा, ओलावा बारा टक्क्यांच्या आत आणा, दाणा दाताखाली कट्ट वाजला पाहिजे, आणि पत्र्याच्या कोठीत भरून झाकण घट्ट लावा. सांगितलेले खोटे नव्हते. अपुरे होते.

एका गावात बायकांचा बचत गट होता. त्यांनी बारा कोठ्या घ्यायचे ठरवले. तीन-तीन क्विंटलच्या गोल कोठ्या, जस्ताचा मुलामा दिलेल्या चोवीस गेजी पत्र्याच्या. थोडे अनुदान होते, बाकी पैसे गटाचे. अनुदान मार्चअखेर खर्ची पडले पाहिजे, नाही तर परत जाणार. सरकारी नोकरीतल्या माणसाला मार्चअखेर म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको.

त्या गावच्या बाजारात एक चाचा पत्र्याचे काम करीत. नरसाळी, डबे, चाळण्या, पन्हळी असला माल. आधी मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी माझ्या कागदावरचा आकार पाहिला, पत्र्याचा तुकडा हातात घेऊन बोटांनी वाकवून पाहिला आणि म्हणाले, "सायेब, आठवड्याला दोन व्हतील. हाताचं काम हाय. सहा आठवडे लागतील."

सहा आठवडे माझ्याजवळ नव्हते. तालुक्याच्या गावाबाहेर एक कारखाना होता. त्याचे नाव घेत नाही, कारण चूक त्याच्याइतकीच माझी. तिथे ट्रॉल्या बनत. जाड पत्रा एका दाबात वाकवणारे मोठे यंत्र होते. मालक म्हणाला, आठ दिवसांत देतो, आणि दरही कमी सांगितला. मी होकार दिला. परत जाताना चाचांना कळवायला थांबलो. ते एवढेच म्हणाले, "ते ट्रॉलीचं मशीन हाय, सायेब. बारीक पत्र्याला बारीक अवजार लागतं." मला वाटले, काम हातचे गेले म्हणून म्हातारा बोलतो आहे. मी हसून म्हणालो, "चाचा, यंत्रावर केलेलं ते चांगलंच असतं."

कोठ्या वेळेवर आल्या. दिसायला झकास, उन्हात नुसत्या लखलखत होत्या. हळदी-कुंकू वाहून बायकांनी त्या घरी नेल्या. फोटो निघाले, कागद पूर्ण झाले.

त्या बायकांत एक आक्का होत्या. नवरा वारलेला, घरात म्हातारी सासू आणि शाळेत जाणारी तीन लेकरे. चार एकर कोरडवाहू. त्यांनी ज्वारी तीन दिवस कडक वाळवली, चाळली, पाखडली आणि कोठीत तीन क्विंटल भरली. पोत्यांत थोडी होती ती आधी खायची आणि कोठीतली पावसाळ्यासाठी राखायची, असा हिशेब. जुनी कणगी त्यांनी मोडून चुलीत घातली. मी स्वतः म्हणालो होतो, "आता कशाला ठेवता?"

त्या वर्षी श्रावणाच्या झडीत त्यांचे माळवद गळले. कोठीवर थेंब पडले, भिंतीचा ओलावा खाली उतरला. आक्कांनी वरून फडकी टाकली. पत्र्याची कोठी आहे, आत काय जाणार, असा त्यांना भरवसा होता. तो भरवसा मीच दिलेला. गौरी-गणपती आटोपल्यावर पोत्यांतली ज्वारी संपली आणि त्यांनी कोठी उघडली.

मला निरोप आला तेव्हा मी दुसऱ्या दिवशी गेलो. अंगणात ज्वारी पसरली होती. उभ्या जोडाच्या कडेने आणि तळाशी दाण्यांची काळी ढेपे झाली होती, कुबट वास येत होता. काही ढेपांतून पांढरे मोड वर आले होते. मधल्या ज्वारीत सोंडे वळवळत होते. वाळवून, पाखडून जेमतेम एक क्विंटल हाती लागली. आक्कांनी विचारले, "सायेब, ही काळी झालेली शेळ्यांस्नी घातली तर चालंल का?" मला नाही म्हणावे लागले. बुरशी लागलेले धान्य जनावरालाही घालू नये, त्यात विष तयार होते. ती सगळी उकिरड्यात गेली. सासूबाई ओसरीवर बसून ते पाहत होत्या. त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

वाचकहो, ज्वारी पिकवणाऱ्या घराला ज्वारी विकत घ्यावी लागणे म्हणजे काय, हे आपल्याला सांगायची गरज नाही.

मी माझ्या घरची दोन पोती ज्वारी नेऊन दिली. आक्का म्हणाल्या, "उसनी घेते. फुकट न्हाई." पुढच्या सुगीला त्यांनी ती पायलीने मोजून परत केली. मी नको म्हणत होतो, त्यांनी ऐकले नाही.

बारापैकी सात कोठ्यांचे कमी-अधिक तेच झाले होते. मी आधी ज्वारीला दोष देऊन पाहिला. ओली भरली असेल. पण शेजारच्या घरी तीच ज्वारी, त्याच दिवशी वाळवलेली, पोत्यात बरी होती. मग मान खाली घालून चाचांकडे गेलो. ते काही बोलले नाहीत, सायकल काढून आले. कोठी आडवी केली, जोडावरून अंगठ्याचे नख हळूहळू फिरवत नेले. मग मला म्हणाले, "तुमी फिरवा."

मी फिरवले. नख चांगल्या पत्र्यावरून सरळ जाई आणि मोडीवर आले की खरखरे, अडे. नीट पाहिले तर मोडीच्या बाहेरच्या अंगाला केसासारख्या चिरा होत्या, जस्ताची पापडी सुटली होती आणि तिथून तांबूस गंज धरला होता. काही ठिकाणी जोडाची घडी बसलीच नव्हती, आत कागद जाईल एवढी फट होती. फटीतून पाणी गेले, सोंडे गेले.

"सायेब, ह्यो पत्रा मोडलेला न्हाई, चेपलाय," चाचा म्हणाले.

हे असे का झाले ते मला समजेना. तेव्हा त्यांनी जे समजावले, आणि पुढे मी इतरांना विचारून, यंत्रे पाहून जे शिकलो, ते आपल्यापुढे मांडतो. आज ना उद्या आपण कोठी, गव्हाण, पन्हळ, पाभरीची पेटी, काही तरी करून घ्यालच.

पत्रा वाकवला की त्याचे बाहेरचे अंग ताणले जाते आणि आतले अंग दाबले जाते. भाकरी दुमडून पाहा. पातळ, ताजी असली तर घडी पडते. जाड आणि गार झालेली असली आणि एकदम तीक्ष्ण घडी घातली, तर बाहेरचा पापुद्रा फुटतो. पत्र्याचेही तसेच. पत्रा जितका जाड, तितकी त्याला आतून गोलाई जास्त द्यावी लागते. साध्या लोखंडी पत्र्याला आतली गोलाई निदान त्याच्या जाडीइतकी असावी, असा कारागिरांचा ढोबळ नियम आहे. त्याहून तीक्ष्ण मोड दिली तर चीर जाण्याची भीती. जस्ताच्या पत्र्यावर जस्ताचा थर लोखंडाआधी फुटतो. बारीकसा ओरखडा पडला तर आजूबाजूचे जस्त त्याला सांभाळून घेते, लोखंड लगेच गंजत नाही. पण सबंध मोडीवरचे जस्त सोलून निघाले, तर सांभाळणार कोण?

आता अवजार. वाकवणाऱ्या यंत्राला खाली एक लांब लोखंडी ठोकळा असतो, त्यात इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी खाच असते. त्याला डाय म्हणतात. वरून पाचरीसारखे पाते खाली येते, त्याला पंच म्हणतात. पत्रा खाचेवर ठेवायचा, पंच दाबायचा, पत्रा खाचेत वाकतो. सगळी मेख त्या खाचेच्या रुंदीत आहे. खाच पत्र्याच्या जाडीच्या साधारण आठपट असावी. म्हणजे १ मिलिमीटर पत्र्याला ८ मिलिमीटरची खाच, २ मिलिमीटरला १६ ची, ३ मिलिमीटरला २४-२५ ची, ५ मिलिमीटरला ४० ची. आणि पत्र्याच्या मोडीची गोलाई साध्या लोखंडात खाचेच्या सुमारे एक षष्ठांश येते. खाच रुंद, तर गोलाई मोठी. खाच अरुंद, तर गोलाई लहान.

आमचा कोठीचा पत्रा सुमारे ०.६ मिलिमीटरचा. त्याला पाच-सहा मिलिमीटरची खाच हवी. चाचा आणि मी त्या कारखान्यात गेलो. चाचांनी खिशातली पोलादी पट्टी काढून डायवर ठेवली. खाच भरली २५ मिलिमीटर. ट्रॉलीच्या ३ मिलिमीटर पत्र्याला अगदी बरोबर. आमच्या पत्र्याला चौपट-पाचपट मोठी.

त्यातून दोन गोष्टी घडल्या. पहिली, मोडीची गोलाई चार मिलिमीटरच्या आसपास आली. जोडासाठी दोन कडा आकड्यासारख्या दुमडून एकमेकींत अडकवायच्या असतात. आकडाच असा गोल झाला तर तो घट्ट बसणार कसा? दुसरी, जोडाची पट्टी सात-आठ मिलिमीटरचीच हवी होती. एवढी अरुंद पट्टी २५ च्या खाचेवर ठेवली तर तिची कड पलीकडच्या काठाला पोचतच नाही, ती खाचेत घसरते. खाचेच्या निदान सात दशांश एवढी तरी पट्टी धरायला लागते. २५ च्या खाचेला ती सतरा-अठरा मिलिमीटर भरते. मग त्या पोरांनी काय केले? अठरा मिलिमीटरची पट्टी मोडून घेतली, ती कात्रीने कापून आठवर आणली, आणि गोल राहिलेली मोड लोखंडी हातोडीने ठोकून ठोकून चपटी केली. तिथेच जस्त सोलले, तिथेच चिरा गेल्या, आणि जिथे हातोडी कमी पडली तिथे फट राहिली.

यंत्र चालवणारा पोरगा खोटे बोलला नाही. म्हणाला, "साहेब, डाय बदलायला अर्धा तास जातो. अन् एवढ्या बारीक खाचेची डाय आमच्याकडं नव्हतीच. आठ दिवसांत बारा कोठ्या द्यायच्या होत्या." आठ दिवसांची मुदत मालकाने सांगितली खरी, पण घाई होती ती माझी. मी पत्रा कोणता ते विचारले होते, दर विचारला होता, मुदत विचारली होती. पत्रा कशावर वाकवणार, हे विचारले नव्हते.

मालक माणूस बरा निघाला. झाले ते त्याने मान्य केले. पुढच्या खेपेला, २००८ च्या सुगीआधी, त्या सात कोठ्या नव्याने झाल्या. पत्रा गोल वळवायचे काम कारखान्यातल्या रुळांवर झाले, आणि कडा दुमडायचे काम चाचांनी केले. त्यासाठी एक हाताचे घडीयंत्र आणले. त्यात पत्रा दोन जबड्यांत घट्ट धरतात आणि पुढची फळी दांड्याने उचलून कड वर वळवतात. खाचेच्या काठांवर पत्रा घसटत नाही म्हणून जस्ताला ओरखडे कमी पडतात. पातळ, मुलामा दिलेल्या पत्र्याला हे यंत्र फार चांगले. पूर्ण घडी मारायची ती लाकडी मोगरीने. लोखंडी हातोडी चाचा जस्ताच्या पत्र्याला लावूच देत नसत.

काम चालू असताना आक्का एक दिवस येऊन बसल्या. चाचा कडा आखत होते. आक्कांनी विचारले, "एवढा पत्रा जादा का ठिवला?" चाचा म्हणाले, "शिंपी कापडाला माया ठेवतो, तशी ही." सहा मिलिमीटर रुंदीच्या जोडाला दोन्ही कडांची मिळून त्याच्या तिप्पट, म्हणजे अठरा मिलिमीटर माया लागते. ती आधीच आखायची. मागाहून कात्री चालवायची नाही. आक्कांना ते माझ्याआधी समजले. त्या घरी चोळ्या शिवत.

चाचांनी दाखवलेली आणखी एक गोष्ट सांगतो. कड काटकोनात वळवायची तर ती काटकोनाच्या किंचित पुढे नेत. हात सोडला की पत्रा थोडा मागे फिरे आणि काटकोनात येऊन थांबे. कडब्याची हिरवी ताटे वाकवून सोडली की थोडी उलटतात, तसे. म्हणून काटकोनी कामाला पंचही ९० अंशांचा न घेता ८८ किंवा ८५ अंशांचा घेतात. दुधाच्या भांड्यांचा स्टेनलेस पत्रा साध्या लोखंडापेक्षा जास्त मागे फिरतो, त्याला आणखी पुढे न्यावे लागते. एका पत्र्यावर बसवलेले माप दुसऱ्याला चालत नाही.

पुढे काही वर्षांनी उलट चूकही पाहिली. एका तरुण शेतकऱ्याने ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्रासाठी ५ मिलिमीटर जाडीच्या पट्टीचे काटकोनी आधार करून घेतले. मोड कोरीव दिसावी म्हणून त्याने मिस्त्र्याकडून अरुंद खाचेत वाकवून घेतले. पेरणीच्या दुसऱ्याच दिवशी एक आधार मोडीवर तडकला आणि पेटी खाली आली. वापसा जात होता, आणि हा गडी वेल्डिंगवाल्याच्या दारात बसलेला. ५ मिलिमीटरला ४० ची खाच हवी होती. दुसरी चूक अशी की, पट्टीची शीर मोडीला समांतर पडली होती. लाकडाला शीर असते तशी लोखंडी पत्र्यालाही असते. कारखान्यात पत्रा रुळांतून लाटतात, लाटण्याच्या दिशेने बारीक रेषा पडतात. मोड त्या रेषांना आडवी घातली तर पत्रा ताण सोसतो, रेषांना समांतर घातली तर लवकर फुटतो. नवा पत्रा उजेडात तिरपा धरला तर त्या रेषा बऱ्याचदा डोळ्यांना दिसतात.

अरुंद खाचेत जाड पत्रा घालण्यात आणखी एक धोका आहे. खाच तीच ठेवून पत्रा दुप्पट जाड घेतला, तर त्याला वाकवायला जोर दुप्पट नाही, चौपट लागतो. एक मीटर लांबीचा १ मिलिमीटर पत्रा ८ च्या खाचेत वाकवायला सुमारे साडेसात टन दाब लागतो. ३ मिलिमीटरचा, २४ च्या योग्य खाचेत घालूनसुद्धा, बावीस-तेवीस टन घेतो. यंत्राची ताकद आणि डायची ताकद न पाहता जाड पत्रा घुसवला तर डाय फुटते, तुकडा उडतो. म्हणून काम पाहायला जाल तेव्हा लेकरांना यंत्राजवळ नेऊ नका आणि आपणही समोर उभे राहू नका.

आता बंधुभगिनींनो, आपण काही पत्र्याचे कारागीर होणार नाही. पण करून घेणाऱ्याला चार प्रश्न विचारता आले पाहिजेत. पत्रा घेताना जाडी गेजात न विचारता मिलिमीटरमध्ये विचारा. गेजाचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, त्यात फसगत होते. मग विचारा, हा कोणत्या खाचेवर वाकवणार? उत्तर पत्र्याच्या जाडीच्या आठपटीच्या आसपास आले तर माणूस जाणकार समजा. 'आमच्याकडे एकच डाय आहे, सगळं त्यावरच होतं,' असे उत्तर आले तर उठा. अरुंद कड किती ठेवणार ते विचारा. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, आपल्याच पत्र्याचा एक हातभर तुकडा आधी वाकवून दाखवायला सांगा. त्या तुकड्याच्या मोडीवरून बाहेरच्या अंगाने नख फिरवा. नख अडले, पापडी सुटलेली दिसली, केसासारखी चीर दिसली, तर काम तिथेच थांबवा. एक तुकडा वाया गेला तरी चालेल.

गव्हाण किंवा पाण्याचे टाके करून घ्याल तर वरची कड उघडी ठेवू नका, ती आत दुमडून घ्या. उघड्या कडेने जनावराचा ओठ फाटतो. आणि कोठी कितीही चांगली असली तरी ती भिंतीपासून वीतभर लांब, लाकडी फळीवर ठेवा. चांगला पत्राही ओल्या जमिनीवर ठेवायचा नसतो.

आज तालुक्या-तालुक्यांत आकडे दाबून चालणारी यंत्रे आली आहेत. पत्र्याची जाडी आणि कोन सांगितला की ती बरोबर तेवढेच दाबतात. मी नुकताच अशा एका ठिकाणी गेलो होतो. भिंतीवर ओळीने डाय आणि पंच लावलेले, प्रत्येकावर माप कोरलेले. मला आनंद झाला. तेवढ्यात पाहिले तर एक पोरगा पातळ जस्ताचा पत्रा घेऊन आला आणि यंत्रावर आधीपासून बसवलेल्या रुंद डायवर ठेवू लागला. मी म्हणालो, "बाळ, ही खाच किती मिलिमीटरची?" त्याने वाकून पाहिले, जरा थांबला, आणि भिंतीकडे दुसरी डाय आणायला गेला. माहीत त्याला होते. विचारणारे कुणी हवे होते.

चाचा आता नाहीत. आक्का आहेत, थकल्या आहेत. थोरला मुलगा शेती पाहतो. २००८ सालची ती कोठी अजून त्यांच्या घरात आहे. मागच्या वैशाखात त्या बाजूला गेलो तेव्हा मुलगा ज्वारी भरत होता. मी ओसरीवर टेकलो. भरून झाल्यावर त्याने झाकण लावले, आणि आक्का भिंतीला धरून उठल्या. कोठीपाशी गेल्या आणि उभ्या जोडावरून वरपासून खालपर्यंत अंगठ्याचे नख फिरवले. मला वाटले होते, त्या विसरल्या असतील.

"बरं हाय," त्या म्हणाल्या, आणि सुनेला चहा ठेवायला सांगितला.